संपाचे मत देण्याआधी

(रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या संयुक्त अभ्यासवर्गात कार्यकर्त्यांच्या वतीने झालेले भाषण)



रात्रपाळी उतरून घरी न जाता थेट येथे आलेले साथी समोर बसले आहेत. काहींना दुपारी पुन्हा बीटवर जायचे आहे. तेव्हा प्रास्ताविक लांबवत नाही.

आठवा वेतन आयोग नोव्हेंबर २०२५ मध्ये नेमला गेला. न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई त्याच्या अध्यक्ष आणि अहवालासाठी मुदत १८ महिन्यांची. कोणत्याही आयोगाचा अहवाल आला की प्रत्येक गँगहटमध्ये, केबिनमध्ये आणि सॉर्टिंगच्या टेबलाभोवती पहिला प्रश्न असतो, "किती मिळाले?" त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो, "एवढ्यावर भागवायचे की संपावर जायचे?" हा दुसरा प्रश्न येतो तेव्हा विचाराला वेळ नसतो. सभा तापलेली असते, घोषणा चाललेल्या असतात, मतपत्रिका हातात पडलेली असते. म्हणून तो विचार आधी, शांतपणे व्हावा यासाठी आजचा वर्ग ठेवला आहे.

संपाच्या बाजूने मत द्या किंवा विरुद्ध द्या, असे सांगायला आम्ही उभे नाही. मत देण्यापूर्वी प्रत्येकाने कोणते प्रश्न स्वतःला आणि आपल्या शाखेला विचारले पाहिजेत, एवढेच मांडायचे आहे. आमचे म्हणणे एका वाक्यात असे: मागणी न्याय्य आहे एवढ्यावर संपाचा निर्णय होत नाही. मागणी मोजलेली हवी, किंमत मोजलेली हवी, आणि जो पडेल त्याला उचलायची तयारी झालेली हवी. या तीन गोष्टी झाल्या नसतील तर ९० टक्के मतेसुद्धा कागदावरच राहतात.

मागणी मोजायची कशी?

पहिली गोष्ट मागणीची. "पगार वाढवा" ही घोषणा झाली. मागणी म्हणजे आकडा, आणि आकड्यामागचा हिशेब.

हा हिशेब आपल्याकडे १९५७ पासून आहे. त्या वर्षीच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी मिळून गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचे सूत्र मान्य केले. कमावणारा एक आणि त्याचे कुटुंब मिळून तीन खाती माणसे धरायची. कमावणारा १, पत्नी ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६, अशी ही बेरीज. प्रत्येक खात्या माणसाला डॉ. अॅक्रॉइड यांनी ठरवलेले २,७०० उष्मांकाचे अन्न. चौघांना मिळून वर्षाला ७२ वार कापड. सरकारी औद्योगिक वसाहतीच्या दराने घरभाडे. इंधन, दिवाबत्ती आणि किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचे २० टक्के. पुढे रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर सांगितली.

सातव्या वेतन आयोगाने हेच सूत्र धरून किमान वेतन १८,००० रुपये काढले. कर्मचारी पक्षाने त्याच सूत्राने २६,००० ची मागणी केली होती. सूत्र एकच, मग ८,००० चा फरक कोठून आला? डाळीचा भाव कोणत्या बाजारचा धरायचा, घरभाड्याला किती टक्के द्यायचे, यातून आला. आयोगाने शिमल्याच्या श्रम ब्युरोचे भाव धरले आणि घरासाठी ३ टक्के ठेवले. आपण किराणा दुकानात जो भाव देतो तो कर्मचारी पक्षाने धरला.

म्हणून प्रत्येक शाखेला आमची विनंती आहे. एक वही घाला. आपल्या गावातल्या दुकानात तांदूळ, गहू, तूरडाळ, तेल, दूध यांचे भाव दर महिन्याला लिहा. आपल्या क्वार्टरबाहेर राहणाऱ्या साथीला दोन खोल्यांना किती भाडे पडते ते लिहा. आणि एक प्रश्न चर्चेला घ्या. या तीन खात्या माणसांत आईवडील कोठे आहेत? गावाकडच्या म्हाताऱ्यांना दर महिन्याला पैसे पाठवतो की नाही, हे आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सूत्रात त्यांना ताट नाही.

ज्याला हा हिशेब येतो तो सभेत घोषणा देऊन थांबत नाही, शेजाऱ्याला पटवतो. आणि संप शेजाऱ्याला पटल्याशिवाय होत नाही.

मागच्या लढ्यांनी काय दिले?

दुसरी गोष्ट इतिहासाची. संपाने सगळे मिळते असे म्हणणारे आहेत आणि संपाने काही मिळत नाही असे म्हणणारेही आहेत. दोघांनी एकदा तारखा पाहाव्यात.

११ जुलै १९४६ रोजी पोस्टमन आणि टपाल खात्यातील कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी देशभर संप सुरू केला. त्यांचे नेते मुंबईचे व्ही. जी. दळवी होते. राज्य इंग्रजांचे होते. तरी मुंबईच्या कामगारांनी २२ जुलैला आणि कलकत्त्याच्या कामगारांनी २९ जुलैला पोस्टमनच्या पाठिंब्यासाठी काम बंद ठेवले. पोस्टमन एकटा नव्हता, ही त्या संपाची ताकद.

११ जुलै १९६० ला केंद्र सरकारी कर्मचारी संपावर गेले. दुसऱ्या वेतन आयोगाने किमान वेतन ८० रुपये ठरवले होते आणि श्रम परिषदेचे सूत्र बाजूला ठेवले होते. नाथ पै, एस. एम. जोशी, पीटर अल्वारिस ही आपल्या भागाला जवळची नावे त्या लढ्यात होती. सरकारने अध्यादेश काढला, अटका केल्या, संघटनांची मान्यता काढून घेतली. दाहोदला गोळीबारात रेल्वे कामगार मारले गेले. पाच दिवसांत संप मागे घ्यावा लागला आणि किमान वेतन वाढले नाही. पण कर्मचाऱ्यांशी बोलायला कायमची जागा हवी हे सरकारलाही पटले, आणि १९६६ मध्ये संयुक्त सल्लागार यंत्रणा, म्हणजे आपण ज्याला जे.सी.एम. म्हणतो, ती सुरू झाली. आज आपले प्रतिनिधी ज्या टेबलाशी बसतात ते टेबल त्या पडलेल्या संपातून आले.

१९ सप्टेंबर १९६८ चा संप एकाच दिवसाचा होता. मागणी तीच, गरजेवर आधारलेले किमान वेतन. पुन्हा अध्यादेश, पठाणकोटला गोळीबार, हजारोंवर कारवाई. तेव्हा "एकच दिवस तर आहे" असे कोणी म्हणाले तर त्याला १९६८ सांगा. संप किती दिवसांचा ते आपण ठरवतो, त्याची शिक्षा किती दिवसांची ते समोरचा ठरवतो. १९७० मध्ये तिसरा वेतन आयोग नेमला गेला आणि १९७३ मध्ये त्याने १८५ रुपये किमान वेतन सुचवले.

८ मे १९७४. रेल्वेच्या घराघरात ही तारीख माहीत आहे. संप सुरू होण्याआधीच, २ मे रोजी जॉर्ज फर्नांडिस यांना लखनौला अटक झाली. सुमारे १७ लाख कामगारांचा तो संप २० दिवस चालला आणि २७ मे ला मागे घेतला गेला. हजारो तुरुंगात गेले, हजारो बडतर्फ झाले, बायकामुलांसह क्वार्टरमधून बाहेर काढले गेले. त्या दिवशी विचारले असते तर सगळे म्हणाले असते, संप हरला. पण १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि बडतर्फ कामगार कामावर परत आले. १९७९ मध्ये रेल्वे कामगारांना उत्पादकतेशी जोडलेला बोनस मिळाला. आपण बोनस सरकारची दिवाळीभेट म्हणून घेतो. त्याची किंमत पाच वर्षे आधी कोणीतरी दिलेली आहे. आणि त्यात अजून काम बाकी आहे. २०२५ मध्येही ७८ दिवसांचा बोनस जाहीर झाला, पण मोजणी महिना ७,००० रुपये धरून. म्हणून तो १७,९५१ रुपयांवर अडतो.

आता दोन उदाहरणे अशी, जिथे संप झालाच नाही. १९९७ मध्ये पाचव्या आयोगाने किमान वेतन २,४४० सुचवले होते. संघटनांनी संपाची तयारी केली. वाटाघाटीत २,४४० चे २,५५० झाले आणि वेतननिश्चितीतील वाढ २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेली. मिळाले ते आकड्यात मिळाले.

२०१६ मध्ये पुन्हा ११ जुलै ही तारीख ठरली. मागणी २६,००० ची होती. मंत्र्यांशी बोलणी झाली, उच्चस्तरीय समिती विचार करील असे आश्वासन आले, ६ जुलैला संप पुढे ढकलला गेला. किमान वेतन १८,००० वरच राहिले आणि गुणकही २.५७ च राहिला. सरकारी पत्रकात समितीचा उल्लेख होता, आकडा नव्हता.

आणि २०१८. आपले ग्रामीण डाक सेवक कोणत्याही वेतन आयोगात बसत नाहीत. त्यांच्यासाठी नेमलेल्या कमलेशचंद्र समितीचा अहवाल नोव्हेंबर २०१६ मध्ये आला आणि पडून राहिला. २२ मे २०१८ रोजी डाक सेवक संपावर गेले. ६ जूनला मंत्रिमंडळाने शिफारशी मंजूर केल्या. शाखा डाकपालाचा भत्ता १२,००० आणि १४,५०० असा ठरला. ज्यांची नोकरी सर्वांत कच्ची, ज्यांचे वेतन सर्वांत कमी, ते १६ दिवस बाहेर राहिले आणि त्यांनी दीड वर्ष अडलेली फाईल हलवली. तयार अहवाल, एकच मागणी आणि गावोगाव उघडलेच नाही असे टपाल कार्यालय, या तीन गोष्टी तेथे जुळल्या होत्या.

यातून आम्ही काढतो तो बोध साधा आहे. संप दर वेळी ताबडतोब फळ देत नाही. पण मागणी जेवढी नेमकी, तेवढे फळ लवकर. आणि संप मागे घेताना हातात आकडा आला की नुसता शब्द, यावर पुढची दहा वर्षे ठरतात.

किंमत किती?

आता तिसरी गोष्ट, जी सभेत बोलायला संकोच वाटतो. संपाची किंमत किती आणि ती कोण देणार?

पहिली किंमत पगाराची. काम नाही तर दाम नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मान्य केले आहे. १८,००० मूळ वेतनावर एका दिवसाचे ६०० रुपये होतात. महागाई भत्ता वेगळा. २० दिवसांचे १२,०००. मिळकत महिना ८,००० ची असेल तर दीड महिन्यात भरपाई होते. मिळकत महिना ५०० ची असेल तर दोन वर्षे लागतात. हा हिशेब घरी कागदावर करा. शिवाय ज्यांना वेतन संहिता लागू आहे, अशा दहा किंवा अधिक जणांनी सूचना न देता एकत्र काम सोडले, तर गैरहजेरीशिवाय आणखी आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची तरतूद त्या संहितेत आहे. म्हणून नोटीस हा उपचार समजू नका. नोटीस हे आपले चिलखत आहे.

दुसरी किंमत नोकरीची. केंद्र सरकारी नोकरांचे वर्तणूक नियम आणि रेल्वेचे वर्तणूक नियम, दोन्हींत संपाला मनाई आहे. मूलभूत नियम १७-अ खाली सेवाखंड धरला जाऊ शकतो, म्हणजे प्रवास सवलत आणि खात्यांतर्गत परीक्षेची पात्रता यांवर परिणाम होतो. २००३ मध्ये तामिळनाडू सरकारने सुमारे १ लाख ७० हजार कर्मचाऱ्यांना एकदम काढून टाकले. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सरकारी नोकरांना संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिक हक्क नाही. बहुतेकांना कामावर घेतले गेले, पण माफी लिहून द्यावी लागली. हा निकाल आम्हाला मान्य नाही. तरी तो आहे, आणि साथींपासून तो लपवून मते मागणे हे प्रामाणिक काम नव्हे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्याप्रमाणे १४ दिवसांची नोटीस हवी, तडजोडीची बोलणी चालू असताना आणि संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. निम्मे किंवा अधिक कामगार एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजेवर गेले तरी तो संपच. बेकायदा संपाला १,००० ते १०,००० रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. "आपण रजेचे अर्ज टाकू, संप म्हणायचे नाही" ही जुनी युक्ती सांगणारा कोणी भेटला तर त्याला हे कलम दाखवा.

हे ऐकून कोणाच्या मनात भीती आली असेल तर ती चांगली आहे. भीती सभेत बोलून दाखवली तर तिच्यावर उपाय निघतो. घरी नेली तर संपाच्या दिवशी ती मस्टरवर सही करते.

आपल्या शाखेत कोण कोण आहे?

प्रत्येक शाखेत चार प्रकारचे साथी असतात. मत मागण्याआधी त्यांची नावे चिटणीसाला तोंडपाठ हवीत.

एक, नुकता लागलेला मुलगा. परिवीक्षा संपायची आहे. त्याची नोकरी एका महिन्याच्या नोटिशीने जाऊ शकते. त्याला भेकड म्हणू नका. त्याच्यासाठी शाखेने आधी ठरवावे की त्याने काय करायचे आणि कारवाई झाली तर खटला कोण लढवणार.

दोन, अनुकंपा तत्त्वावर लागलेली भगिनी. नवरा गेला, त्याच्या जागी ती आली, घरात कमावणारी ती एकटी. तिच्या सोसायटीच्या कर्जाचा हप्ता संपाच्या महिन्यातही जाणार आहे.

तीन, सहा महिन्यांत निवृत्त होणारा. त्याच्या डोळ्यांसमोर उपदान आणि निवृत्तिवेतन आहे. निवृत्तीच्या दिवशी विभागीय चौकशी लोंबकळत असेल तर त्याचे उपदान अडते. त्याच्याकडे अनुभव आहे, पण गमावण्यासारखेही सर्वांत जास्त तेच आहे.

चार, ज्याला मागणीचा लाभ नाही. कंत्राटी सफाई कामगार, हंगामी हमाल, डाक सेवक. वेतन आयोग त्यांचा नाही. त्यांना आपल्याबरोबर उभे राहा म्हणायचे असेल, तर आपल्या मागणीपत्रकात त्यांच्यासाठी एक ओळ असली पाहिजे. ती ओळ नसेल तर त्यांच्याकडून अपेक्षा धरू नये.

या चौघांसाठी संप निधी हवा, आणि तो संपाआधी जमलेला हवा. महिना ५० रुपये दिले तर २०० जणांच्या शाखेत वर्षाला १ लाख २० हजार जमतात. हा मोठा आकडा नाही. पण दहा घरांचा किराणा त्यात निघतो आणि वकिलाची पहिली फी भरता येते. जी शाखा वर्षभर ५० रुपये गोळा करू शकत नाही, तिने २० दिवस बाहेर राहण्याचे मत देऊ नये, असे आम्हाला वाटते.

यानंतर एक नेहमीचा सवाल येतो. "मी एकट्याने नाही गेलो तर काय फरक पडतो? मिळाले तर सगळ्यांनाच मिळेल." खरे आहे. मिळाले तर सगळ्यांनाच मिळते. १९७४ ला जे कामावर राहिले, बोनस त्यांनाही मिळाला. पण त्यांच्याएवढेच जण जर त्या वर्षी कामावर थांबणारे निघाले असते, तर वाटायला काही राहिले नसते. शेतात सगळे राखणीला निघाले तर प्रत्येकाच्या वाट्याला एक रात्र येते. दोघेच निघाले तर पीकही जाते आणि ते दोघेही जातात.

मत म्हणजे शब्द

आता मतपत्रिकेबद्दल. रेल्वेत २१ आणि २२ नोव्हेंबर २०२३ ला जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपाचे मतदान झाले. प्रचंड बहुमत संपाच्या बाजूने पडले. १ मे २०२४ ची तारीख जाहीर झाली आणि पुढे ढकलली गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने एकीकृत निवृत्तिवेतन योजना आणली. जुनी योजना आली नाही, पण नव्या योजनेवर समाधान माना म्हणणाऱ्या सरकारला काहीतरी बदल करावाच लागला. त्या मतपेट्यांचाही त्यात वाटा आहे असे आम्ही मानतो.

पण येथे एक धोका आहे. मतदान पुष्कळदा झाले आणि संप झाला नाही, तर मत देणाऱ्याला ते स्वस्त वाटू लागते. "नुसते दडपण आणण्यासाठी आहे, टाका हो म्हणून." साथींनो, प्रशासनही मोजत असते. किती मते पडली हे ते पाहते आणि त्यांतले किती जण खरोखर बाहेर येतील याचा अंदाजही बांधते. तो अंदाज त्यांना आपल्याच चहाच्या टपरीवरून मिळतो.

म्हणून आमचे सांगणे असे. ज्याला बाहेर यायचे नाही त्याने "नाही" असे मत द्यावे. गुप्त मतदान त्यासाठीच आहे. १०० पैकी ६० खरी "हो" मते शाखेला कळली तर ती त्याप्रमाणे आखणी करील. ९५ खोटी "हो" मते आली तर ती ९५ जणांची आखणी करील आणि सकाळी दरवाज्यावर ४० जण उभे असतील. "नाही" म्हणणारा साथी संघटनेचा शत्रू नाही. "हो" म्हणून आत जाणारा चाळीस जणांना उघड्यावर टाकतो.

आणि मत देण्याआधी घरी विचारा. पगार घरात जातो, तसा संपही घरात जातो. १९७४ ला क्वार्टरच्या दारात पोलीस आले तेव्हा समोर बायका उभ्या राहिल्या. ज्या घरात आधी बोलणे झालेले असते ते घर टिकते.

लोकांना काय सांगायचे?

आपण कारखान्यातले कामगार नाही. कारखाना बंद पडला तर मालकाचा नफा बुडतो. गाडी बंद पडली तर आजारी आईला मुंबईला नेणारा मुलगा फलाटावर अडकतो. टपाल बंद पडले तर खेड्यातल्या म्हातारीचे पेन्शन आणि मुलाच्या मुलाखतीचे पत्र थैलीत राहते. सरकार याच माणसांना आपल्यासमोर उभे करते.

त्यांना आधी सांगितले पाहिजे. पोस्टमनला बीटवरचे प्रत्येक घर ओळखते. त्याच्याइतका चांगला प्रचारक कोणत्याही पक्षाकडे नाही. नोटिशीच्या १४ दिवसांत त्याने दारोदार दोन वाक्ये सांगावीत, कशासाठी आणि केव्हापासून. रेल्वेच्या साथींनी हे पाळावे की चालती गाडी मध्येच सोडायची नाही. गाडी स्थानकात आणून, चार्ज देऊन, मगच उतरायचे. रुळावरची सुरक्षितता ही आपली स्वतःची अब्रू आहे. ती कोणत्याही मागणीसाठी गहाण ठेवायची नाही.

आपण महाराष्ट्राबाहेरही विखुरलेलो आहोत. आमला, इटारसी, वडोदरा, हुबळी, सिकंदराबाद येथे मराठी साथी वेगवेगळ्या भाषांच्या साथींबरोबर ड्यूटी करतात. परिपत्रक इंग्रजीत किंवा हिंदीत येते, कोणी वाचतो, कोणी नुसते ऐकतो. ऐकीव बातमीवर संप फुटतो. म्हणून प्रत्येक परिपत्रक गेट मीटिंगमध्ये मोठ्याने वाचावे, ज्याला जी भाषा कळते त्या भाषेत समजावून द्यावे. आणि तेथील तेलुगू, कन्नड, गुजराती साथींनी जे ठरवले त्यापासून मराठी गट म्हणून वेगळे राहू नये. पगाराच्या चिठ्ठीवर मातृभाषेचा रकाना नसतो.

थांबायचे केव्हा?

शेवटचा मुद्दा. संप सुरू करण्याआधी तो कसा थांबवायचा ते ठरवा. मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. अडीच लाख कामगार त्यात होते. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्यागात ते कोणाहून कमी नव्हते. पण परतीचा रस्ता राहिला नाही आणि गिरणगाव उठला.

म्हणून मतपत्रिकेवर शिक्का मारण्यापूर्वी आपल्या नेत्यांना हे प्रश्न विचारा. किमान किती मिळाले तर आपण परत येणार? तो आकडा लेखी मिळेपर्यंत थांबणार की आश्वासनावर? बोलणी करणाऱ्या समितीत गँगमन, पोस्टमन, आर.एम.एस.चा सॉर्टर यांपैकी कोणी आहे का? परत येताना "कोणावरही सूडाची कारवाई नाही" ही अट पहिली असणार की शेवटची? आणि नेत्यांना आधीच अटक झाली, १९७४ सारखी, तर शाखेत दुसऱ्या आणि तिसऱ्या फळीतले कोण? हे प्रश्न विचारणे म्हणजे नेतृत्वावर अविश्वास नव्हे. ज्या नेतृत्वाकडे यांची उत्तरे तयार आहेत, त्याच्यामागे माणूस निर्धास्त जातो.

साथींनो, वेतन आयोग येतात आणि जातात. पहिल्याचे ५५ रुपये होते, सातव्याचे १८,०००. यातली कोणतीही वाढ कोणी आपणहून घरी आणून दिली नाही. कधी संपाने मिळाली, कधी संपाच्या तयारीने, कधी पडलेल्या संपाच्या धाकाने. तयारी हा शब्द लक्षात ठेवा. पुढच्या महिन्यापासून प्रत्येक शाखेने तीन कामे सुरू करावीत: भावांची वही, ५० रुपयांचा निधी, आणि चार प्रकारच्या साथींची यादी. ही तीन कामे झाली की मतपत्रिका येईल तेव्हा "हो" लिहायचे की "नाही", हे तुम्हाला कोणी सांगावे लागणार नाही. आणि जे लिहाल त्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दरवाज्यावर उभे राहता येईल.

आता वेळ प्रश्नांसाठी ठेवली आहे. ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी आधी बोलावे. बाकीच्यांनी ऐकावे.

कामगार एकजुटीचा विजय असो!